करपतंय कुठे? गाडीतल्या जळक्या वासाचा माग

दिवाळीच्या तोंडावर खंबाटकी घाट म्हणजे गाड्यांची रांग. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चढ लागतो, मधेच एखादा ट्रक बंद पडतो आणि मग दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं, पाच मिनिटं थांबायचं, असं तासभर चालतं. अशाच रांगेत मागे बसलेली मावशी म्हणाली, "काहीतरी करपतंय रे." मी म्हटलं, घाटात क्लचचा वास येतोच. ती म्हणाली, "माझ्या बाजूनं येतोय." ती डाव्या खिडकीशी बसली होती. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात दाखवली. "घाटात जळका वास येतो," एवढंच सांगितलं. त्यांनी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. बिल पाच आकडी झालं. पंधरा दिवसांनी सपाट रस्त्यावर, पाचव्या गिअरमध्ये, पुन्हा तोच वास.

मग दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "वास येतो तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?" मी म्हटलं, अॅक्सिलरेटरवर. "क्लचवर नाही ना? मग क्लच कसा जळेल?" आणि ते थेट पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन बसले. दोष काय होता ते पुढे सांगतो, पण त्यांचा तो प्रश्न या सगळ्या विषयाची किल्ली आहे. वास टिकत नाही. गॅरेजात पोहोचेपर्यंत गाडी गार होते, वास उडून जातो आणि मिस्त्रीसमोर नुसती एक ठणठणीत दिसणारी गाडी उरते. त्याच्या हाती येतं ते फक्त तुमचं सांगणं. म्हणून वास आला की त्याच मिनिटाला तीन गोष्टी मनात टिपून ठेवायच्या: गाडी काय करत होती, वास कुठून आला आणि तो कसला होता.

तिसऱ्या गोष्टीत आपली भाषा फार कामाला येते. जळका वास हा काही एकच वास नसतो. भात करपल्याचा वेगळा, रबर जळल्याचा वेगळा, चिंधी धुमसल्याचा वेगळा, तळणीचं तेल तापून धुरावल्याचा वेगळा. स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाला हे फरक डोळे मिटून कळतात. गाडीत मात्र आपण सगळ्याला "जळल्याचा वास" म्हणून मोकळे होतो. आणखी एक: नाकाला वासाची सवय फार लवकर होते. तासभर गाडी चालवणाऱ्याला जो वास येईनासा होतो, तो आत्ताच गाडीत बसलेल्या माणसाला लगेच येतो. कुणी "वास येतोय" म्हणालं आणि तुम्हाला येत नसेल, तर त्याचं नाक खरं धरा.

वास कुठून येतोय याची एक सोपी परीक्षा गाडीतच असते. एसीच्या बटणांमध्ये हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची, याचं एक बटण असतं. बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे इंजिनाच्या अगदी मागून आत येते. ते बटण "आतली हवा" वर करा. मिनिट-दोन मिनिटांत वास ओसरला तर उगम बाहेर आहे: इंजिन, चाकं, सायलेन्सर किंवा कदाचित पुढे चाललेला ट्रक. वास तसाच राहिला किंवा वाढला तर उगम गाडीच्या आत आहे, डॅशबोर्डमागे किंवा सीटखाली. दुसरी शक्यता जास्त गंभीर, कारण आत जळण्यासारखं मुख्यतः वायरिंगच असतं. पुढे ट्रक आहे की नाही हेही बघून घ्या. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा वास आपल्या गाडीत भरतो आणि माणूस उगाच घाबरतो. ट्रकला पुढे जाऊ द्या, वास गेला तर विषय मिटला.

आता क्लच. दोन ताटल्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या आहेत असं समजा. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी गिअरबॉक्सकडे जाते. त्या घट्ट असल्या की दोन्ही एका वेगानं फिरतात, घासत नाहीत, तापत नाहीत. क्लच पूर्ण दाबला की त्या सुट्या होतात, तेव्हाही घासत नाहीत. घासतात त्या मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की इंजिनाची ताटली मिनिटाला हजारभर फेरे घेते आणि दुसरी जागच्या जागी उभी असते. मधलं अस्तर राळेनं बांधलेलं असतं, ते तापून करपतं. तो वास जळालेल्या कागदासारखा किंवा सुतळीसारखा कोरडा आणि तिखट असतो, घशात बसतो. चढ संपला, गाडी दहा-पंधरा मिनिटं मोकळी पळाली आणि वास गेला, तर बहुधा नुकसान झालेलं नसतं. पण उपाय सोपा आहे: चढावर थांबायचं ते हँडब्रेकवर, क्लचवर नाही. आणि एरवी डावा पाय क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडायची.

ज्यांची गाडी एएमटी, म्हणजे यंत्रानं आपोआप गिअर बदलणारी आहे, त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं. क्लचचं पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. एएमटीमध्ये तोच साधा क्लच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबतं. चढावर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवली की तुम्ही नकळत हाफ क्लचवरच उभे असता. तिथेही ब्रेकच.

क्लच खरंच संपलाय का, हे पाहायची एक पद्धत आहे. मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, एक पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच पकडतोय. क्लच सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नाही, कारण ही परीक्षाच प्लेट झिजवते. रस्त्यावरची खूण अशी: चढावर पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. यातलं काही न पाहता, नुसत्या वासावरून, माझा चांगला क्लच बदलला गेला.

घाट चढताना क्लच तापतो, उतरताना ब्रेक. आणि ब्रेक किती तापतात याची आपल्याला सहसा कल्पना नसते. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी बोरघाटातून साधारण ५०० मीटर खाली उतरते. एवढं वजन एवढं खाली आलं की त्यातून निघणारी ऊर्जा सुमारे २५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरते. काही भाग वाऱ्याशी आणि टायरच्या घर्षणात जातो. उरलेला भाग एक तर इंजिन अडवतं किंवा चार चाकांचे ब्रेक उष्णता करून टाकतात. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून, पाय उचलून उतरताना इंजिनाला इंधन जवळजवळ मिळतच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. त्यामुळे बचत तर होत नाहीच आणि ब्रेक एकटे पडतात.

ब्रेकचा वास क्लचसारखाच कोरडा असतो, पण त्यात तापलेल्या लोखंडाची झाक असते आणि तो चाकापाशी तीव्र असतो. त्यासोबत पेडल मऊ लागायला लागलं तर तिथेच थांबा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर हा दंडक १५५ अंशांवर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. जुनं ऑइल घाटात उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं तरी गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी. आपल्याकडे इंजिन ऑइलची तारीख सगळ्यांना पाठ असते, ब्रेक ऑइल मात्र पाच-पाच वर्षं तेच असतं. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका. लाल-काळी तापलेली डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, एकदम गार झाली की वाकते, कधी तडकते. गाडी सपाटीवर लावून, तिला गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावून अर्धा तास थांबा. हँडब्रेक तेव्हा ओढू नका.

आता माझ्या गाडीचं. मिस्त्रींनी मला दोन किलोमीटर चालवायला लावलं, तेही शक्य तितका कमी ब्रेक मारून. परत आल्यावर त्यांनी एकेका चाकापाशी तळहात नेला, न टेकवता, जसा आपण तवा तापलाय का बघतो तसा. मग मलाही न्यायला लावला. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्या चाकापाशी हात धरवेना. चाक काढल्यावर आणखी खुणा दिसल्या: त्या रिमवर आतून काळी भुकटी साचलेली, डिस्कच्या कडेला निळसर झाक आणि एका बाजूचा पॅड लोखंडापर्यंत घासलेला, तर दुसरा अर्धा शिल्लक. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. ब्रेक सोडला की तो मोकळा व्हायला हवा. यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं, आत पावसाचं पाणी आणि लाल चिखल गेला होता आणि पीन गंजून अडकली होती. म्हणजे मी ब्रेक सोडला तरी एक पॅड सतत डिस्कवर घासत होता. पीन हातानं फिरेना. त्यांनी ती ठोकून काढली, पॉलिश पेपरनं घासली, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, नवी रबरं आणि नवे पॅड बसवले. क्लचच्या बिलाच्या पासंगालाही न पुरणारा खर्च.

मावशी डाव्या बाजूला बसली होती. तिनं जागा बरोबर सांगितली होती.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात ब्रेक अडकण्याचा हा दोष फार होतो. गाडी आठ-दहा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली तर मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर गिअरमध्ये टाकून, चाकाला वीट लावून ठेवावी.

तेलाचा वास ओळखायला सोपा: कढई चुलीवर विसरल्यावर येतो तसला, जड आणि धुरकट. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, ज्याला गॅरेजात टॅपेट कव्हर म्हणतात, एक रबरी पॅकिंग असतं. काही वर्षांत ते कडक होतं, तेल झिरपतं आणि थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडतो. गंमत अशी की हा वास पळताना कमी येतो, सिग्नलला थांबल्यावर येतो, कारण पळताना वारा तो मागे उडवून नेतो. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी काळपट-तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, तांबूस म्हणजे पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. ऑइल बदलून गाडी नुकतीच आणली असेल तर सांडलेलं तेल जळून एक-दोन दिवस वास येऊ शकतो. त्यापुढेही राहिला तर ऑइलचं झाकण आणि फिल्टर नीट बसलेत का ते पाहा.

कूलंटचा वास गोडसर, पाक उतू गेल्यासारखा असतो. तापमानाचा काटा वर चढत असेल तर थांबा, इंजिन बंद करा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की ते तोंडावर उसळतं. रबराचा वास आणि सोबत चिरकणारा आवाज असेल तर इंजिनाचा पट्टा घसरतोय, किंवा तो ज्याला फिरवतो त्या अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) अथवा एसी कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाम होतंय. एसी बंद केल्यावर आवाज थांबला तर संशय कॉम्प्रेसरवर. कधी कधी दोष काहीच नसतो, रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी उडून सायलेन्सरला चिकटलेली असते. ती गार झाल्यावर खरवडून काढायची. नवी कोरी गाडीही पहिले काही दिवस वास देते, कारण एक्झॉस्टवरचं संरक्षक तेल आणि लेप जळत असतो.

बीएस ६ डिझेल गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे हे निकष देशभर लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरला की गाडी स्वतःच एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून ती काजळी जाळते. त्या वेळी उग्र, तापल्यासारखा वास येतो, उभ्या गाडीचं इंजिन जरा चढ्या आवाजात चालतं, पंखाही जोरात फिरतो. हे नैसर्गिक आहे. मधेच गाडी बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं चालवा. पण अशा वेळी माळावर, वाळलेल्या गवतावर मात्र गाडी उभी करू नका. गवत पेटतं.

इथवर जे सांगितलं त्यातल्या बहुतेक वासांत विचार करायला वेळ मिळतो. वायरिंगच्या वासात मिळत नाही.

तो वास प्लास्टिक जळल्याचा, झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असतो. काही कनेक्टर आणि स्विच तापले की त्यांचा वास चक्क मासळीसारखा हिंवस येतो आणि लोक गाडीत काही सांडलंय का म्हणून शोधत बसतात. वायर का जळते ते समजून घेण्यासारखं आहे. वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. आपल्याकडे हेडलाइटमध्ये मूळचा ६०/५५ वॉटचा बल्ब काढून १००/९० चा टाकायची हौस आहे. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॉटचा सव्वाआठच्या वर. प्रवाह दीडपटीहून थोडा जास्त, पण त्याच वायरीत उष्णता पावणेतीन पट. वायर, होल्डर आणि स्विच मात्र जुनेच. होल्डर आधी पिवळा पडतो, मग वितळतो. जास्त उजेड हवाच असेल तर वेगळी जाड वायर, रिले (जास्त प्रवाह पेलणारा स्विच) आणि फ्यूज घालूनच करावं लागतं, आणि त्यातही समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा कायद्यात बसत नाही.

फ्यूज असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. प्रत्येक फ्यूजला रंग असतो: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल वारंवार उडतोय म्हणून तिथे हिरवा टाकणं, किंवा उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून काम चालवणं, म्हणजे राखणदाराला झोपवणं. आता फ्यूज उडणार नाही, वायर जळेल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर बहुधा त्या वाटेवर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. ती शोधावीच लागते. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा यांसाठी मूळ वायर सोलून वेढा मारून टेप लावलेली असेल, तर शोध तिथूनच सुरू करा. सैल सांधा तापतो. दुसरा संशयित उंदीर. पावसाळ्यात ऊब शोधत ते बॉनेटखाली येतात, वायरींचं आवरण कुरतडतात, वर वाळका पाला आणि चिंध्या आणून घरटं करतात. उघडी तार आणि शेजारी सरपण.

यातला एक निरुपद्रवी भाऊबंद: पंख्याचा वेग फक्त सर्वांत वरच्या आकड्यावर चालतो, खालचे बंद आणि व्हेंटमधून हलका जळका वास. बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेलेला असतो. तो स्वस्तात बदलता येतो. मात्र त्याचा प्लग वितळलाय का तेही पाहायला सांगा.

वायरिंगचा वास आला की घर जवळ आलंय म्हणून चालवत राहू नका. गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा, दहा-पंधरा पावलं लांब उभं करा. धूर नसेल, वास कमी होत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बऱ्याच गाड्यांत त्याला दहाचा पाना लागतो, डिकीत एक ठेवा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॉनेटच्या फटींतून धूर येत असेल तर बॉनेट उघडू नका. आत धुमसणाऱ्या आगीला हवा मिळाली की ती भडकून तोंडावर येते. आग विझवायचा डबा हाताशी असेल आणि आग लहान असेल तर फटीतून फवारा. नाहीतर दूर राहा आणि ११२ ला फोन करा. तो डबा ड्रायव्हरच्या सीटखाली असावा, डिकीत सामानाखाली पुरलेला नको. सीएनजी गाडीत कोबी सडल्यासारखा वास आला तर तो जळका नसून गळतीचा असतो, गॅसला तो मुद्दाम दिलेला असतो. तिथे दारं उघडा, टाकीपाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करा, स्टार्टर मारू नका.

पुढच्या दिवाळीला पुन्हा खंबाटकीत तशीच रांग लागली. या वेळी चढावर प्रत्येक थांब्याला हँडब्रेक ओढला, उतारावर दुसरा गिअर सोडला नाही. घाट उतरून सुरूरला चहाला थांबलो तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकेका चाकापाशी तळहात नेला. पुढची दोन्ही सारखीच गरम, मागची दोन्ही सारखीच कोमट. मावशीनं खिडकीतून विचारलं, "काय रे, येतोय का वास?" मी तिलाच विचारलं, "तुला येतोय का?" तिनं दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "भज्यांचा येतोय."